एअर फिल्टरच्या डब्यात ऑईल येतंय? इंजिन खोलण्याआधी ‘ब्रीदर’ची नळी तपासा

गाडी सर्व्हिसिंगला लावली, एअर फिल्टरचा डबा उघडला आणि आत ऑईल साचलेलं दिसलं, की पोटात गोळा येतो. ‘रिंगा गेल्या, इंजिनचं काम काढावं लागेल,’ असं कुणीतरी लगेच सांगून मोकळं होतं. कधी कधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा दोष असतो जास्त भरलेल्या ऑईलचा, नाहीतर एका साध्या रबरी नळीचा. हजारो रुपयांचं काम काढण्याआधी ही नळी काय करते, ते समजून घ्या.

ब्रीदर म्हणजे काय?

स्प्लेंडर, शाईन, प्लॅटिना अशा आपल्याकडच्या नेहमीच्या गाड्यांत एकच पिस्टन असतो. पिस्टनच्या वर पेट्रोल जळतं आणि खाली क्रँककेस, म्हणजे ऑईल असलेला इंजिनचा खालचा भाग असतो. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळालेला थोडा वायू त्यांच्या फटीतून खाली उतरतोच. त्यात न जळालेलं पेट्रोल, काजळी आणि पाण्याची वाफ असते.

शिवाय पिस्टन खाली आला की त्याच्या खालची हवा दाबली जाते. इंजिन ३००० आरपीएमवर फिरत असेल तर हे एका सेकंदात ५० वेळा होतं. हा दाब बाहेर पडायला वाट लागते. ती वाट म्हणजे ब्रीदर. इंजिनमधून निघालेली ही नळी एअर फिल्टरच्या डब्याला जोडलेली असते. तिथून तो वायू परत इंजिनमध्ये ओढला जातो आणि जळतो. बीएस-६ गाड्यांत हा वायू बाहेर हवेत सोडायला परवानगीच नाही.

डब्यात ऑईल का साचतं?

- ऑईल जास्त भरलं असेल तर. हे कारण बरंच आढळतं. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ हा समज चुकीचा आहे. जास्तीचं ऑईल आत घुसळलं जातं आणि ब्रीदरमधून डब्यात येतं.
- गाडी आडवी पडली असेल तर. ऑईल नळीतून सरळ डब्यात उतरतं. नंतर चालू केल्यावर थोडा वेळ निळसर धूर येतो.
- रोजचा प्रवास अगदी जवळचा असेल तर. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून जातं, थोडं क्रँककेसमध्ये उतरतं. घर ते डेअरी एवढीच गाडी चालली तर इंजिन नीट तापत नाही. पावसाळ्यात, थंडीत ही वाफ ऑईलमध्ये मिसळून सायीसारखा पांढरट थर धरतो.
- डब्याची ड्रेन नळी कधीच रिकामी केली नसेल तर.
- रिंगा, बोअर खरंच झिजले असतील तर.

नळी तुंबली तर काय होतं?

चिखल, घट्ट झालेलं ऑईल, मुडपलेली नळी, कधी कुंभारमाशीचं मातीचं घर. कशानंही वाट बंद झाली की आतला दाब दुसरीकडून बाहेर पडायला बघतो. मग गॅस्केटच्या कडेनं ऑईल पाझरतं, नाहीतर गिअरच्या शाफ्टच्या सीलमधून ठिबकतं. नवीन सील टाकूनही पुन्हा गळती सुरू झाली, तर आधी ब्रीदर बघायला सांगा.

घरच्या घरी काय तपासाल?

१. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर लावा. दोन-तीन मिनिटं चालू ठेवून बंद करा, पुन्हा दोन-तीन मिनिटं थांबा. मग ऑईलची पट्टी पुसून पातळी बघा. वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये ऑईल हवं. पट्टीला आटे असतील तर ती फिरवून बसवायची की नुसती टेकवायची, हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. अनेक गाड्यांत नुसती टेकवायची असते.

२. एअर फिल्टरच्या डब्याखाली टोक बंद असलेली छोटी नळी असते. तिचं टोपण काढून साचलेलं ऑईल-पाणी काढून टाका आणि टोपण परत घट्ट बसवा. पावसाळ्यात, गाडी धुतल्यावर आणि आडवी पडल्यावर हे नक्की करा.

३. इंजिन थंड असताना ब्रीदरची नळी चिरली, मुडपली किंवा निसटली आहे का ते बघा. बीएस-६ गाड्यांत आणखीही नळ्या असतात. त्यामुळे काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

४. डबा आतून स्वच्छ कापडानं पुसा. कचरा इंजिनकडे जाणाऱ्या तोंडात पडू देऊ नका.

हे मात्र करू नका

डब्यात ऑईल येतंय म्हणून काही जण ब्रीदरची नळी काढून खाली सोडून देतात. डबा कोरडा दिसतो, पण खरा धोका तिथेच आहे. अनेक गाड्यांत ही नळी फिल्टरच्या पुढे, म्हणजे गाळलेल्या हवेच्या बाजूला जोडलेली असते. तिचं भोक उघडं राहिलं की मुरमाच्या रस्त्यावरची धूळ फिल्टर चुकवून थेट आत जाते आणि रिंगा-बोअर घासते. म्हणजे नसलेलं इंजिनचं काम आपणच ओढवून घेतो. नळीला बोळा कोंबणं किंवा ‘पिकअप’साठी फिल्टर काढून टाकणंही तितकंच वाईट.

ऑईल लावलेला कागदी फिल्टर धुऊ नका, हवाही मारू नका. तो बदलायचाच असतो. फोमचा फिल्टर मात्र धुता येतो, पण पेट्रोलनं नको, आगीचा धोका असतो. धुळीच्या रस्त्यावर गाडी चालत असेल तर पुस्तकातल्या मुदतीआधीच फिल्टर बघा.

रिंगा गेल्या हे कसं ओळखायचं?

पातळी बरोबर केली, डबा पुसला, ड्रेन नळी रिकामी केली. आता २००-३०० किलोमीटर गाडी चालवा आणि पुन्हा डबा उघडून बघा. कोरडा असेल तर काम संपलं. पुन्हा ऑईल साचलं, पट्टीवरची पातळी उतरत चालली आणि सायलेन्सरमधून सतत निळसर धूर येत असेल, तर रिंगांवर संशय घ्यायला हरकत नाही. गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून ब्रीदरच्या तोंडाशी हात धरायला सांगा. हलके झोत येणं साहजिक आहे. धुरासह जोराचा झोत आणि ऑईलचे थेंब येत असतील, तर कॉम्प्रेशन तपासून घ्या आणि मगच इंजिन खोलायला होकार द्या.