ब्रिस्बेनचे कुलूप

इतिहासकार किल्ले मोजतात, तोफा मोजतात. कुलपांच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. मला मात्र एका कुलपाच्या इतिहासाने गेले वर्षभर वेड लावले आहे. हे कुलूप लोखंडाचे नाही, ते हाताला लागत नाही, आणि कोट्यवधी माणसांनी ते वापरले, तरी ते कोणी घडवले हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

गुप्त निरोपाची विद्या जुनीच. करपल्लवी आणि नेत्रपल्लवी हे शब्द आपल्या भाषेत काही हौसेखातर आलेले नाहीत. पण त्या साऱ्या विद्यांना एक अट असे: खुणा आधी ठरलेल्या हव्यात. जिची कधी गाठभेटच झाली नाही, अशा व्यक्तीशी गुप्त बोलायचे कसे? 1976 साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघा अमेरिकनांनी गणिताने दाखवून दिले, की भर बाजारात, दहाजणांच्या देखत बोलूनसुद्धा दोन परक्यांना आपसांत एक गुप्त किल्ली ठरवता येते. ऐकणाऱ्याने शब्दन्‌शब्द टिपून घेतला तरी किल्ली त्याच्या हाती लागत नाही! पुढे इंटरनेटवर दुकाने थाटली जाऊ लागली, तेव्हा नेटस्केप या अमेरिकन कंपनीने असल्या गणिताच्या आधारे ‘एसएसएल’ नावाची एक रीत बसवली आणि 1995 मध्ये ती जगापुढे ठेवली. पलीकडच्या यंत्राने आधी आपले ओळखपत्र दाखवायचे, मग दोघांनी किल्ली ठरवायची, आणि त्यानंतरचे सारे बोलणे त्या किल्लीने बंद करून पाठवायचे, अशी ही रीत.

येथे राजसत्ता आडवी आली. अमेरिकेच्या कायद्याने भक्कम गुप्तलिपीची गणना दारूगोळ्यात केली होती. देशाबाहेर पाठवायचे कुलूप मुद्दाम कच्चे करून पाठवावे लागे. किल्ली अवघ्या 40 बिटांची. म्हणजे शक्य किल्ल्या सुमारे 1 लाख 10 हजार कोटी. आकडा ऐकून माणूस दडपतो, यंत्राला कसले दडपण? ऑगस्ट 1995 मध्ये एका फ्रेंच संशोधकाने शंभरावर संगणक कामाला लावून असला एक निरोप 8 दिवसांत उघडून दाखवला.

रीत छापून प्रसिद्ध झालेली, पण भक्कम माल बाहेर जायला बंदी. मग बाहेरच्यांनी तो घरी बनवला तर? ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला एरिक यंग आणि टिम हडसन या दोघांनी नेमके हेच केले. अमेरिकन कायदा त्यांना लागू नव्हता. यंग यांनी लिहिलेल्या या कामाचे नाव ‘एसएसएलईएवाय’. शेवटची तीन अक्षरे त्यांच्या स्वतःच्या नावाची आद्याक्षरे. ते त्यांनी फुकट वाटले.

असल्या कामाला संगणकवाले ‘लायब्ररी’ म्हणतात. आमच्या शाळेतल्या कपाटांशी तिचे नाते एवढेच, की ज्याला हवे त्याने यावे आणि घेऊन जावे. कार्यक्रम लिहिणाऱ्याने कुलूप स्वतः घडवायचे नाही. ‘पाठव’ या साध्या आज्ञेच्या जागी लायब्ररीची ‘कुलूप लावून पाठव’ ही आज्ञा लिहायची, की काम झाले. निदान तसे वाटते. खरी मेख ओळखपत्रापाशी आहे. समोरच्याचे ओळखपत्र तपास, असे सांगितल्यावाचून ही लायब्ररी ते तपासत नसे. आणि त्यावरचे नाव आपल्याला हव्या त्याच माणसाचे आहे ना, हे तर वापरणाऱ्याला स्वतःच पाहावे लागे. 2012 मध्ये टेक्सास आणि स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी अशा लायब्रऱ्यांवर उभारलेले कार्यक्रम तपासले, तेव्हा पैशांचे व्यवहार करणारे कार्यक्रमसुद्धा या परीक्षेत नापास झाले. कुलूप उत्तम, पण दार उघडले ते चोरालाच, असा प्रकार! नाव ताडून पाहण्याची सोय लायब्ररीत आली ती 2015 च्या जानेवारीत.

दरम्यान 1998 च्या अखेरीस यंग आणि हडसन एका अमेरिकन कंपनीच्या ऑस्ट्रेलियातल्या शाखेत गेले. मागे उरलेल्या मूठभर स्वयंसेवकांनी ते काम उचलले आणि त्याला ‘ओपनएसएसएल’ हे नाव दिले. पेढ्या, दुकाने, सरकारी कचेऱ्या यांनी ते घेतले. गावच्या विहिरीचे पाणी सारा गाव भरतो; गाळ काढायची वेळ आली, की कोणाचे काय, कोणाचे काय! येथे तेच झाले. वर्षाच्या देणग्या सुमारे 2,000 डॉलर, आणि पूर्णवेळ राबणारा माणूस एकच: इंग्लंडमधले गणिताचे डॉक्टर स्टीफन हेन्सन.

31 डिसेंबर 2011 च्या रात्री, वर्ष सरायला तासभर उरला असता, एका जर्मन विद्यार्थ्याने लिहिलेली भर हेन्सन यांनी लायब्ररीत घातली. काम साधे होते. मधूनमधून एका यंत्राने दुसऱ्याला विचारायचे, “आहेस ना? ‘पक्षी’ हा दोन अक्षरी शब्द मला परत पाठव.” दुसऱ्याने तो पाठवायचा. पण कोणी ‘पक्षी’ म्हणून ‘हजार अक्षरे परत पाठव’ असे सांगितले तर? शब्द खरोखर तेवढा आहे का, हे पाहायचे राहून गेले होते. यंत्र बिचारे भोळे. ‘पक्षी’ देऊन शेजारी स्मरणात जे काही पडले असेल ते, परवलीचे शब्द, प्रसंगी कुलपाची किल्लीसुद्धा, ओंजळीने देऊन टाकी. एका खेपेला 64 किलोबाइटपर्यंत. आणि मागे माग नाही. लिहिणाऱ्याच्या नजरेतून ते सुटले, तपासणाऱ्याच्याही. वह्यांचे गठ्ठे तपासलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. नवल हे, की तपासायला दुसरी नजर एकच होती.

दोन वर्षांनी, 7 एप्रिल 2014 ला, हे उघड झाले. गूगलमधल्या नील मेहता यांनी आणि फिनलंडच्या एका कंपनीने ते स्वतंत्रपणे शोधले होते. ‘हार्टब्लीड’ म्हणजे रक्तबंबाळ हृदय, असे त्याचे नाव पडले. सुमारे 5 लाख सर्व्हर उघडे होते. कॅनडाच्या करखात्यातून सुमारे 900 नागरिकांचे ओळखक्रमांक चोरीला गेले. तेव्हा कोठे मोठमोठ्या कंपन्यांना विहीर आठवली. त्यांनी निधी उभारला, आणि दोन पूर्णवेळ माणसांच्या पगाराची सोय झाली.

कायद्याचे भूत मात्र अजून उतरले नव्हते. अमेरिकेने निर्यातीचे ते निर्बंध 2000 च्या जानेवारीत सैल केले, तरी परदेशासाठी ठेवलेली कच्ची कुलपे ओपनएसएसएलच्या आणि इतर लायब्रऱ्यांच्या अडगळीत तशीच पडून राहिली. मार्च 2015 मध्ये आढळले, की वाटेत बसलेला लबाड दोन्ही बाजूंना फसवून तेच जुने कच्चे कुलूप लावायला भाग पाडू शकतो. परक्यांसाठी म्हणून केलेली ती कुलपे. पण त्या वर्षी अमेरिकन सरकारचीही काही संकेतस्थळे त्यांच्यामुळे धोक्यात सापडली.

यंग यांनी लायब्ररी वाटताना एक अट घातली होती: जो हिचा उपयोग जाहीर करील त्याने आपले नाव छापावे. 2021 च्या नव्या आवृत्तीबरोबर परवाना बदलला आणि ती अटही गेली. त्याआधीच, 2016 मध्ये, विंडोज संगणकांवर ज्या फाइलच्या नावात त्यांची ‘ईएवाय’ ही अक्षरे वीस वर्षे राहिली होती, तिचे नाव बदलून ‘लिबक्रिप्टो’ करण्यात आले.