पानाकडून शिकताना

कोळसा म्हणजे पूर्वी साठलेले ऊन. मग आजच्या उन्हापासूनच इंधन का बनवू नये? बोलोन्याचे रसायनशास्त्रज्ञ जाकोमो चामिचान यांनी १९१२ साली न्यूयॉर्कच्या परिषदेत हाच विचार मांडला. वनस्पतींचे हे गुपित माणसाने शिकावे, असे ते म्हणत.

१९७२ साली जपानच्या फुजिशिमा व होंडा यांनी पाण्यात बुडवलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युतअग्रावर प्रकाश पाडला. तेथे ऑक्सिजन आणि प्लॅटिनमच्या अग्रावर हायड्रोजन, म्हणजेच इंधन, मिळाले. पण हा पदार्थ केवळ अतिनील किरण शोषतो. उन्हात ते जेमतेम पाच टक्के. हिरवे पान दृश्य प्रकाशावर चालते. शिवाय प्रकाशाने खराब झालेले प्रथिन ते स्वतःच बदलते. आपल्या उपकरणांना ही दुरुस्ती अजून पानासारखी साधलेली नाही. चामिचान यांचा धडा अर्धाच गिरवून झाला आहे.