अंगणातला पहिला पाठ

राजाजीनगरच्या गल्ल्यांतून सकाळी जाताना एखाद्या लहानशा इमारतीवर कन्नड लिपीत ‘अंगनवाडी’ ही अक्षरे दिसतात. ‘ण’चा ‘न’ झाला असला, तरी शब्द आपल्याच घरचा आहे. तो तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील बोर्डी गावातून निघाला. त्याच्याबरोबर एक शिक्षणविचारही निघाला होता. तो मात्र सगळाच्या सगळा येथवर पोहोचला नाही.

त्या विचाराची चाहूल बोर्डीच्याही आधी लागते. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांसाठी मोडी व बाळबोध वाचन, लेखन आणि हिशेब यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान व आरोग्याचे काही पाठ मागितले होते. ज्याच्या घरी पुस्तक नाही, त्याचीही शास्त्राशी ओळख त्याच्या शेतातून आणि शरीरातून होऊ शकते, असाच या मागणीचा अर्थ निघतो. पुढे पुण्यात प्लेग आला आणि रुग्णांची सेवा करताना त्याच साथीने १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचा बळी घेतला. पुढच्याच वर्षी प्लेग बंगळुरात शिरला. दाट पेठांतून बाहेर पडलेल्या लोकांमुळे राजाजीनगरचे शेजारी मल्लेश्वरम झपाट्याने वाढले, हे येथील जुन्या मंडळींना ठाऊक आहेच.

ताराबाई मोडक यांची घडण निराळी होती. गिजुभाई बधेका यांच्यासह त्यांनी भावनगरला माँटेसोरी पद्धतीचे काम केले आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पण ती साधने महाग होती आणि त्यांचा लाभ घेणारी मुले बहुधा शहरी, खात्यापित्या घरांतली. १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले, तेव्हा तेराव्या वर्षी वैधव्य आलेल्या व जिद्दीने शिकलेल्या अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन हिंडत असे, तर कोणी गुरांमागे गेलेला. तेव्हा शिक्षिकाच वस्तीत गेल्या आणि घरापुढच्या अंगणात वर्ग भरू लागला. विकतच्या साधनांची जागा शिंपले, बिया, पाने आणि खडे यांनी घेतली.

या वर्गात आंघोळ, दात घासणे, नखे कापणे आणि केस विंचरणे ही शिक्षणाचीच अंगे मानली गेली. आज हे साधे वाटते. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या वस्तीतल्या मुलाला शिक्षिकेने स्वतःच्या हाताने न्हाऊ घालणे साधे नव्हते. शिवाय अशा कामात शास्त्राला वाव किती असतो, हे खरजेच्या उदाहरणावरून कळेल. बोटांच्या बेचक्यांत खाज सुटते, ती रात्री वाढते आणि एकाला झाली की घरभर पसरते, हे मुलाने स्वतः अनुभवलेले असते. एक बारीक किडा त्वचेत बीळ करून अंडी घालतो, म्हणून घरातल्या सर्वांनी एकाच वेळी औषध लावावे व कपडे-अंथरुणे गरम पाण्यात धुवावीत, हे कळताच त्याच्या हाती कार्यकारणभाव येतो. प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही.

पुढे मराठी शाळांतून प्रार्थनेनंतर नखे तपासण्याची प्रथा रुजली, हे खरे. परंतु वाढलेल्या नखांबद्दल छडी जितक्या वेळा मिळाली, तितक्या वेळा कारण सांगितले गेले नाही.

पन्नाशीच्या दशकात हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ तेथे वाढली. पाळणाघरामुळे भावंड सांभाळणाऱ्या मुलीचे हात मोकळे झाले. गुराख्यांसाठी तर गुरे चरतात तेथेच ‘कुरणशाळा’ भरली.

ताराबाई १९७३ साली निवर्तल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ ठिकाणी सुरू केली आणि तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव दिले. कर्नाटकात आरंभ म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूरला झाला. पूरक आहार, लसीकरण आणि आरोग्यतपासणी यांचे मोल थोर आहे. त्यांनी जे साधले, ते एकट्या कोसबाडला कधीच साधले नसते. तथापि योजनेतील आरोग्यशिक्षण १५ ते ४५ वर्षांच्या स्त्रियांसाठी ठेवले गेले. बोर्डीच्या अंगणात आपल्या देहाचा विद्यार्थी असलेले मूल नव्या व्यवस्थेत लाभार्थी झाले.

अनुताई मात्र १९९२ साली मृत्यू येईपर्यंत कोसबाडच्या कामातच राहिल्या. तिकडे देशभर मुलांची वजने घेतली जात होती, आजही घेतली जातात. काट्यावरचा आकडा सेविका काळजीपूर्वक तक्त्यात भरते. आणि ज्याचे ते वजन, तो तोवर खाली उतरून खाऊच्या रांगेत जाऊन बसलेला असतो.