कल्पित लोहमार्गाला इतिहास कशाला हवा?

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी विचारलं, इतिहासाच्या व्याख्यानमालेत कॉम्प्युटरवरची आगगाडी कशाला? प्रश्न रास्त आहे.

ट्रेन सिम्युलेटर म्हणजे पडद्यावर इंजिन चालवायचं. मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर २००१ साली आला, त्यात नवा मार्ग आखायचं साधनही होतं. काही जण असलेला लोहमार्ग हुबेहूब उतरवतात, काही जण कधीच नसलेला बांधतात. आम्ही तीन-चार निवृत्त मंडळी आणि दोन कॉलेजची मुलं दुसऱ्या पंथातले.

या पंथाचे एक पूर्वज म्हणजे इंग्लंडमधले पाद्री ऑड्री. इंजिनांच्या गोष्टींचं त्यांचं पहिलं पुस्तक १९४५ सालचं. चित्रांतली विसंगती बालवाचक पकडू लागले, तेव्हा गोष्टींना पक्का भूगोल देणं भाग पडलं. 'सोडोर आणि मॅन' नावाचा बिशपचा प्रांत होता. मॅन हे बेट आहे, पण सोडोर नावाचं बेट नकाशात नाही. ऑड्रींनी ते आयरिश समुद्रात वसवलं आणि भाऊ जॉर्ज यांच्या मदतीने त्याचा इतिहास रचला. तो १९८७ साली ग्रंथरूपाने आला. म्हणजे कल्पनेलाही हिशेब द्यावा लागतो.

आमचा फाटा आम्ही बार्शीपासून डोंगराच्या कुशीतल्या एका कल्पित बाजारगावापर्यंत नेला. बार्शीच का? जीआयपीचा मुख्य मार्ग कापसाची पेठ असलेल्या बार्शीला बगल देऊन कुर्डूवाडीवरून गेला. ती उणीव १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेने भरून काढली. रूळांतलं अंतर अडीच फूट. तिचे कर्ते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचं सूत्र असं की कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. भार कमी म्हणून रूळ हलके, रूळ हलके म्हणून खर्च कमी.

आता गंमत बघा. आमच्यातल्या एका मुलाने डोंगरातून सरळ बोगदा काढला. पडद्यावर झकास दिसत होता! आम्ही विचारलं, "बाबा रे, दिवसाला दोन गाड्या, त्यांच्यासाठी बोगद्याचे पैसे कोण देणार?" तो थोडा वेळ गप्प बसला. मग बोगदा गेला आणि मार्ग डोंगराला वळसा घालून, मोऱ्यांवरून ओढे ओलांडत निघाला. ते वळण म्हणजे कंपनीची हिशेबवही. ते आम्हाला बोगद्यापेक्षा जास्त आवडलं.

खरा वाद पुढे झाला. वळणावरचा उंच भराव कोणी घातला? आमच्या कहाणीत तो १८७७ च्या दुष्काळी कामावर रस्त्यासाठी घातला गेला आणि वीस-बावीस वर्षांनी रेल्वेला आयता मिळाला. भराव कल्पित, पण दुष्काळ खरा. त्या साली सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाची रोजची मजुरी एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी. तेवढ्यावर दिवसभर माती उपसायची, खडी फोडायची. पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध सरकारकडे दाद मागितली.

आमच्यातले एक जण म्हणाले, "खेळात हे कशाला? लोक विरंगुळ्यासाठी येतात." त्यांचं चूक नव्हतं. पण आम्ही बराच खल केला. अॅरिस्टॉटल सांगून गेला की इतिहासकार घडलेलं सांगतो, कवी घडू शकलं असतं ते. आमचा फाटा या दोहोंच्या मध्ये आहे. घडू शकलं असतं ते आम्ही सांगतो. मग त्या काळात भराव ज्या तऱ्हेने उभा राहिला असता, ती वगळून कसं चालेल? कल्पित आणि खोटं यांत फरक आहे. धूर सोडणारं देखणं इंजिन, कौलारू स्टेशन, आणि माती वाहणारं माणूसच नाही, हे कल्पित नव्हे, खोटं.

शेवटी त्या भरावापाशी आम्ही एक थांबा ठेवला. फलाट नाही, इमारत नाही, नुसती पाटी: 'खडीमाळ'. गाडी तिथे क्षणभर थांबते, शिट्टी देते, निघते. का थांबते, ते मार्गाच्या माहितीत चार ओळींत लिहिलं आहे.

किती जण त्या ओळी वाचतील, कोण जाणे. पण परवा तो बोगदेवाला मुलगा विचारत होता, "सर, आपल्या रोजच्या रस्त्यावरचे भराव कोणी घातले हो?" आता तो शोधायला निघालाय. चला, तुमचे प्रश्न घेऊ.