साटंलोटं



आमच्या लहानपणी लातूरकडच्या खेड्यांत साटंलोटं सर्रास चालायचं. तुमची मुलगी आमच्या घरात, आमची तुमच्या घरात. हुंड्याचा प्रश्नच मिटला. धाकट्या काकाचं लग्न जमावं म्हणून आत्या अशीच दिली गेली. दोन्ही लग्नं एकाच मांडवात लागली. एक लागल्यावर दुसरी बाजू फिरली तर काय घ्या!

परवा नांदेडला एका ओळखीच्या घरी किडनीच्या अदलाबदलीची चर्चा ऐकली आणि तो मांडव आठवला. समजा, नवऱ्याचा रक्तगट ए, बायकोचा बी. ती द्यायला तयार, पण तिची किडनी त्याला चालत नाही. दुसऱ्या जोडप्याचं नेमकं उलटं. मग दोघींनी एकमेकींच्या नवऱ्याला द्यावी. ही कल्पना १९८६ साली फेलिक्स रापापोर्ट यांनी मांडली. १९९१ साली दक्षिण कोरियात ती प्रत्यक्षात आली.

आपल्या १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात अदलाबदलीचा उल्लेख नव्हता. २०११ च्या दुरुस्तीने ती आली. दोन्ही दाते आपापल्या रुग्णाचे जवळचे नातेवाईक हवेत आणि प्राधिकार समितीची परवानगी आधी हवी. मार्च २०१९ मध्ये मुंबईच्या सैफी रुग्णालयात ठाण्याच्या एका मुस्लिम आणि बिहारच्या एका हिंदू कुटुंबात अशी अदलाबदल झाली. देणाऱ्या दोघीही बायकाच.

या शस्त्रक्रिया शक्यतो एकाच वेळी करतात. दात्याला शेवटच्या क्षणापर्यंत नाही म्हणता येतं, आणि दिलेला शब्द पाळला नाही म्हणून कुणाला टेबलावर झोपवता येत नाही. म्हणजे इथेही मांडव एकच!

पण आत्याला कुणी विचारलं नव्हतं. चार वर्षांनी काकू भांडून माहेरी गेली, तसं आठवड्याभरात आत्यालाही तिच्या सासरच्यांनी आणून सोडलं. तिचा संसार चांगला चालला होता.

आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त. २०१४ च्या नियमांत म्हटलं आहे, की दाता स्त्री असेल तर जास्त काळजी घ्यावी; तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या कुणाकडून पडताळून घ्यावी. हे वाचलं आणि आत्याच डोळ्यांपुढे आली.

नियम समितीसाठी आहे. पण मंडळी, आपल्या कुणाच्या घरी अशी वेळ आली, तर समितीच्या आधी आपणच तिला बाजूला बसवून विचारावं. आणि ती नाही म्हणाली, तर तो विषय तिथेच संपवावा.