वर्गात मागच्या बाकावर कोण बसलंय?

प्राध्यापकानं शोधनिबंध लिहिला की छापण्याआधी त्याच विषयातले दोन-तीन जाणकार तो वाचतात, चुका काढतात. पण तोच प्राध्यापक वर्गात तासभर काय शिकवतो, हे शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्यालाही ठाऊक नसतं. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या ली शुलमन यांनी १९९३ साली एका लेखात यावरच बोट ठेवलं. त्यांना आधी वाटायचं, संशोधन एकट्यानं करायचं आणि शिकवणं चारचौघांत. प्रत्यक्षात निघालं उलटंच.

आता गंमत बघा. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये वर्गाचं दार उघडलं, पण वेगळ्याच कारणानं. १९९२ च्या कायद्यानं पॉलिटेक्निकना विद्यापीठ होता आलं, सरकारी पैसा वाटायला नवी निधी परिषद आली आणि पैशामागून हिशेबही आला. परिषदेचे परीक्षक थेट तासाला येऊन बसू लागले. १९९५ पासून सहा निकष, प्रत्येकी जास्तीत जास्त ४ गुण, एकूण २४ असा विभागाचा निकाल लागायचा. वर्तमानपत्रं विद्यापीठांची क्रमवारी लावताना हेच आकडे वापरायची.

मग अनेक विभागांनी काय केलं? परीक्षक येण्याआधी आपसातच एकमेकांचे तास बघायला सुरुवात केली. थोडक्यात, रंगीत तालीम! तपासणी समिती येणार म्हटल्यावर कॉलेजला रंग देणारे आपण, आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

गुणांची ती पद्धत २००१ मध्ये संपली. तास बघण्याची सवय मात्र बऱ्याच ठिकाणी राहिली. मग प्रश्न आला, ती नेमकी कशासाठी? २००२ साली डेव्हिड गॉस्लिंग यांनी तीन प्रकार वेगळे करून दाखवले. एकात वरिष्ठ येऊन मूल्यमापन करतो. दुसऱ्यात अध्यापनाचा तज्ज्ञ सुधारणा सुचवतो. तिसऱ्यात बरोबरीचे दोघं आळीपाळीनं एकमेकांचे तास बघतात आणि नंतर बसून बोलतात. या तिसऱ्या प्रकारात बघणाराही शिकतो.

पण बोलायचं कशाबद्दल? 'छान झाला तास' म्हटलं की विषय संपतो. २०१३ मध्ये ब्रिटिश कोलंबिया आणि मेन विद्यापीठांतल्या संशोधकांनी 'कोपस' नावाचा तक्ता केला. दर दोन मिनिटांनी फक्त खुणा करायच्या: शिक्षक बोलतोय, लिहितोय की प्रश्न विचारतोय? विद्यार्थी ऐकतायत की गटात चर्चा करतायत? असे एकूण २५ पर्याय, पण शिकवणं चांगलं की वाईट हे ठरवणारा एकही नाही.

तरीही हाच तक्ता बढतीच्या फाइलला जोडला, की त्याची परीक्षा होते. मग प्राध्यापक त्या दिवसापुरता हुकमी धडा काढणार, अडणारा धडा लपवणार. म्हणून आपल्या विभागात हे सुरू करायचं असेल, तर पहिल्याच बैठकीत ठरवून टाका: तासानंतर तो कागद राहणार कुणाकडे? ज्याचा तास, त्याच्याकडेच राहिला, तर सहकाऱ्याला नेमका तो अडणारा धडा बघायला बोलावता येईल.