वृक्षाला आकार कोण देतो?

चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे १९८२ पर्यंत एकच होते, आणि त्यांचें अरण्य तर आजही एकसलगच आहे. त्या अरण्यांतील आलापल्लीच्या सागाची ख्याति दूरवर पसरलेली आहे. दाट रानांत हा साग सरळ व सडपातळ वाढून उंच जातो. तोच शेताच्या बांधावर एकटा उभा राहिला म्हणजे बुंध्यानें जाड, उंचीनें बेताचा व शेंड्यानें पसरट होतो. बीं एकाच झाडाचें असलें तरी हा भेद पडतो. उजेडासाठीं चाललेली चढाओढ हें त्याचें एक कारण सर्वांस ठाऊक आहे. दुसरें कारण मात्र सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. तें कारण म्हणजे वारा.

या शोधाचा आरंभ इंग्लंडांतील टॉमस अँड्र्यू नाइट यानें केला. त्यानें सफरचंदाचीं कांहीं कोंवळीं झाडें खुंटांना अशीं बांधलीं कीं, वाऱ्यानें त्यांचें खोड हलूं नये. कांहीं मोकळीं ठेविलीं. आणि एका झाडास एकाच दिशेनें पुढेंमागें डुलतां येईल अशी योजना केली. १८०३ सालीं त्यानें आपला अनुभव प्रसिद्ध केला. मोकळीं झाडें जाड झालीं, बांधलेलीं तितकीं झालीं नाहींत. एकाच दिशेनें डुलणाऱ्या झाडाचें खोड तर गोल न राहतां लांबट झालें. त्या दिशेचा व्यास दुसऱ्या व्यासाशीं १३ ला ११ या प्रमाणांत भरला. जेथें ताण अधिक पडला तेथें लाकूडही अधिक बनलें, असा याचा अर्थ होय.

डोंगरउतारावर कललेल्या झाडांत हाच व्यापार निराळ्या रीतीनें चालतो. रुंद पानांच्या बहुतेक वृक्षांत कललेल्या खोडाच्या वरच्या अंगास विशेष प्रकारचे तंतू तयार होतात, आणि ते दोराप्रमाणें खोडास वर ओढून धरितात. देवदारासारखे सूचिपर्णी वृक्ष खालच्या अंगास निराळें लाकूड बनवून खोडास वर रेटतात. असें लाकूड वाळतांना वांकडें होतें, म्हणून सुताराला तें नकोसें वाटतें; झाडाचा मात्र तो आधार असतो.

प्राण्याच्या गर्भासही हा नियम लागू असावा, अशी कल्पना जर्मनींत विल्हेल्म हिस यानें १८७४ सालीं एका पुस्तकांत मांडली. कोंबडीच्या अंड्यांतील गर्भाच्या पातळ थरांस वळ्या व घड्या कशा पडतात, हें त्यानें रबराच्या नळीच्या उपमेनें समजाविलें. हेकेल या प्रसिद्ध पंडितानें त्याची थट्टा केली. वंशाचा इतिहास सांगितला म्हणजे आकाराचें कारण सांगितलें, असें त्याचें मत होतें. पुढें २०११ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं हिसची दिशा योग्य होती हें दाखविलें. पिलाचें आंतडें त्यास धरून ठेवणाऱ्या पडद्यापेक्षां भराभर वाढतें, म्हणून त्यास वेटोळीं पडतात. ताणलेल्या रबराच्या पत्र्यास रबराची नळी शिवून त्यांनीं तशींच वेटोळीं पाडून दाखविलीं.

प्राण्याची गर्भावस्था थोडक्यांत आटोपते. वृक्षाचें तसें नाहीं. त्याच्या शेंड्याचें टोंक आणि सालीखालचा नाजूक थर हे दोन्ही जन्मभर नव्या पेशी घडवीत असतात. एका अर्थानें वृक्ष मरेपर्यंत गर्भच असतो. मोहरीच्या कुळांतील एका लहान रोपट्याच्या अंकुराग्रावर ऑलिव्हिए हामां व त्याच्या सहकाऱ्यांनीं केलेलें संशोधन २००८ सालीं प्रसिद्ध झालें. ताण ज्या दिशेनें अधिक, त्याच दिशेनें पेशींतील सूक्ष्म तंतू रांगेनें लागतात व पेशीची भिंत त्या दिशेस बळकट होते, असें त्यांस आढळलें. म्हणजे बळ आकार घडवितें, आणि तो आकार पुन्हा बळाची वांटणी ठरवितो. अनुवंशाचें महत्त्व यानें कमी होत नाहीं. बीं पुढें काय घडूं शकेल तें ठरवितें, आणि प्रत्यक्ष काय घडलें तें वारा, उतार व शेजारचे वृक्ष मिळून ठरवितात.

वनव्यवहारांत ही गोष्ट फार मोलाची आहे. १९७४ सालीं स्थापन झालेल्या वनविकास महामंडळानें या भागांत मिश्र रान तोडून सागाची लागवड केली. अशी दाट लागवड वेळेवर विरळ केली नाहीं तर झाडें एकमेकांच्या आडोशानें काठीसारखीं वाढतात. आणि एकदम विरळ केली तर आडोसा जाऊन पहिल्याच वादळांत मोडतात. म्हणून विरळणी क्रमाक्रमानें करावी लागते. खोडास वारा सोसण्याची संवय लावावी लागते.

आलापल्लीजवळ सुमारें ६ हेक्टरांचें एक जुनें रान १९५३ पासून राखून ठेविलेलें आहे. ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ या नांवानें तें ओळखलें जातें. तेथील महावृक्षांचें बीं अन्यत्र पेरतां येईल; परंतु पिढ्यान् पिढ्या सोसलेल्या वाऱ्यानें त्यांच्या खोडांस जी घडण दिली आहे, ती कोणत्याही बियांतून हातीं येणारी नाहीं. ती घडण पाहूं इच्छिणाऱ्यानें तें रान उभें असेल तोंवरच पाहिलें पाहिजे, आणि तें उभें ठेवणें हें त्या दोन्ही जिल्ह्यांच्या हातीं आहे.